मादक द्रव्यांची आयात आणि परिस्थितिजन्य पुरावा

मादक द्रव्यांच्या आयातीच्या गुन्ह्यात वस्तू हाती लागते. मन हाती लागत नाही. विमानतळावर उघडलेल्या पेटीच्या दुहेरी तळाखाली हेरॉइन सापडले, तर पेटी कोणाची हे सहसा सांगता येते. परंतु तळाखाली काय दडले आहे हे पेटी आणणाऱ्यास ठाऊक होते काय, या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष साक्षीदार क्वचितच देऊ शकतो. ते भोवतालच्या परिस्थितीवरून अनुमानानेच काढावे लागते. शिक्षा जितकी कठोर, तितके हे अनुमान जोखमीचे. आणि या गुन्ह्याची शिक्षा बहुतेक देशांत अत्यंत कठोर आहे. म्हणूनच ऑस्ट्रेलिया व भारत येथील वरिष्ठ न्यायालयांनी १९८५ नंतर या अनुमानास कोणती बंधने घातली, हा इतिहास अभ्यसनीय ठरतो. दोन्ही देशांतील पुराव्याचा विचार इंग्लिश परंपरेतून आलेला असल्याने ही तुलना अप्रस्तुत नव्हे.

त्या परंपरेत परिस्थितिजन्य पुराव्यासंबंधी दोन उपमा दीर्घकाळ प्रचलित आहेत: एक साखळीची, दुसरी दोराची. साखळीची एक कडी तुटली की साखळीच निकामी होते. दोराचा एक पेड कच्चा निघाला तरी उरलेले पेड मिळून भार पेलू शकतात. रेजिना विरुद्ध एक्झॉल या १८६६ च्या इंग्लिश खटल्यात न्यायाधीश पोलॉक यांनी साखळीची उपमा अमान्य करून दोराची उपमा पुढे केली. भारतात मात्र साखळीच रूढ झाली. हनुमंत गोविंद नरगुंदकर विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या १९५२ च्या निर्णयात न्यायमूर्ती महाजन यांनी असे प्रतिपादिले की, प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली असावी आणि सर्व मिळून आरोपीच्या निर्दोषतेस वाव देणारी प्रत्येक उपपत्ती त्यांनी बाद केली पाहिजे. शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निर्णयात न्यायमूर्ती फझल अली यांनी हीच तत्त्वे पाच सूत्रांत बांधली व त्यांस ‘पंचशील’ म्हटले. हे दोन्ही खटले मादक द्रव्यांचे नव्हते. तथापि भारतीय न्यायालयांची अनुमानाची शिस्त त्यांतूनच घडली.

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न ही कॉ तेह या खटल्याने १९८५ साली ऐरणीवर आणला. मलेशियाहून मेलबर्न विमानतळावर उतरलेल्या प्रवाशाच्या बॅगेच्या खोट्या तळात दोन किलोहून अधिक हेरॉइन सापडले. १९०१ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम २३३-ब मध्ये निषिद्ध वस्तूची आयात हा गुन्हा ठरविताना आरोपीच्या ज्ञानाचा स्पष्ट उल्लेख नव्हता. मग बॅगेत माल होता एवढ्यावरच गुन्हा पुरा होतो, की ज्ञानही सिद्ध करावयास हवे? ज्या गुन्ह्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, तेथे केवळ कायद्याच्या मौनावरून दोषी मनाची अट रद्द झाली असे मानता येणार नाही, आणि ते मन सिद्ध करण्याचा भार अभियोग पक्षावरच आहे, असा निर्णय तेथील उच्च न्यायालयाने बहुमताने दिला व फेरसुनावणीचा आदेश केला. या निर्णयाने आयातदारांस मोकळीक मिळाली असे मानणे चुकीचे होय. ज्ञान सिद्ध करावयाचे, एवढेच त्याने ठरविले. ते कशावरून सिद्ध करावयाचे हे अनुमानावर सोपविले. कुरल खटल्यात (१९८७) त्याच न्यायालयाने हे स्पष्ट केले की, आपण मादक द्रव्य आणीत असण्याचा संभव आहे याची आरोपीस जाणीव होती असे दिसल्यास त्यावरून त्याचा हेतू अनुमानिता येतो. मात्र तसे अनुमान काढलेच पाहिजे असा कायदा नाही, तो वस्तुस्थितीचा प्रश्न आहे.

उपमांचा वाद याच न्यायालयाने १९९० साली शेफर्ड खटल्यात मिटविला. आरोप हेरॉइन आयातीच्या कटाचा होता. न्यायमूर्ती डॉसन यांच्या विवेचनाचा आशय असा की, जी परिस्थिती अनुमानाच्या मार्गातील अपरिहार्य कडी आहे ती निःसंशय सिद्ध झाली पाहिजे. जी केवळ दोराच्या पेडासारखी आहे ती स्वतंत्रपणे तशी सिद्ध होण्याची गरज नाही, सर्व पेडांचा एकत्रित भार पाहावा.

भारतात विधिमंडळाने वेगळा मार्ग धरला. १९३० च्या धोकादायक मादक द्रव्यांच्या कायद्याची जागा घेणाऱ्या १९८५ च्या अधिनियमाने न्यायाधीशाच्या अनुमानाचे बरेचसे काम गृहीतकाकडे दिले. कलम ५४ अन्वये ताब्यावरून गुन्हा, व कलम ३५ अन्वये दोषी मन, गृहीत धरता येते. उलट सिद्ध करणे आरोपीकडे. हेरॉइनचे व्यापारी प्रमाण २५० ग्रॅम असून त्याच्या आयातीस किमान १० वर्षांची सक्तमजुरी आहे. तस्करी गुप्तपणे चालते, आणि ‘बॅग दुसऱ्याने दिली’ ही सबब सांगणे सोपे असते. म्हणून अशा गृहीतकाची गरज भासली, हे नाकारता येत नाही.

या गृहीतकाची मर्यादा नूर आगा विरुद्ध पंजाब राज्य या २००८ च्या निर्णयाने आखून दिली. १९९७ साली अमृतसरच्या राजासांसी विमानतळावर एका अफगाण नागरिकाजवळील द्राक्षांच्या खोक्यात १ किलो ४०० ग्रॅम हेरॉइन सापडल्याचा आरोप होता. खालच्या न्यायालयांनी त्यास दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कलमे घटनेशी सुसंगत ठरविली. परंतु जप्तीसारखी पायाभूत तथ्ये अभियोग पक्षाने निःसंशय सिद्ध केल्यावाचून गृहीतक उद्भवतच नाही, असे सांगितले. मुद्देमाल व नमुने यांविषयीच्या पुराव्यात दोष होते, स्वतंत्र साक्षीदार तपासले गेले नव्हते आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढील कबुलीजबाबावर विसंबणे शक्य नव्हते. म्हणून आरोपी सुटला. पुढे तोफानसिंग खटल्यात (२०२०) बहुमताने असे ठरले की, या अधिनियमाच्या कलम ६७ खाली नोंदविलेली जबानी कबुलीजबाब म्हणून वापरता येत नाही. साहजिकच परिस्थितिजन्य पुराव्याचे महत्त्व अधिकच वाढले.

या निर्णयांचा एकत्र विचार केला असता साखळी व दोर या उपमा परस्परविरोधी नसून त्यांची क्षेत्रे निराळी आहेत असे दिसते. माल कोठून जप्त झाला, मोहोर कोणी लावली, तोच नमुना रासायनिक तपासणीस पोचला काय, या साऱ्या कड्या होत. त्यांतील एक तुटली तरी खटला उभा राहत नाही. उलट तिकिटाचे पैसे कोणी दिले, प्रवास किती घाईचा होता, पेटीचे वजन संशय यावा इतके होते काय, तपासणीच्या वेळी आरोपीने काय सांगितले, हे ज्ञानाच्या दोराचे पेड होत. एकेकटा पेड दुबळा असतो, एकत्र पिळल्यावर त्यांचे बळ कळते. ज्ञानाच्या प्रत्येक पेडाकडून कडीची अपेक्षा केली तर जाणता तस्कर सुटतो. मुद्देमालाच्या तुटक्या कडीस पेड मानून चालविले तर दुसऱ्याची पेटी उचलणारा अजाण माणूस दहा वर्षे तुरुंगात जातो. गृहीतकाने दोराचे काम हलके होते, कडीचे नव्हे. संशय कितीही बळावला तरी तो पुराव्याची जागा घेत नाही, या जुन्या तत्त्वाचा अर्थ आयातीच्या खटल्यांत एवढाच आणि असाच आहे.