गाद्याचं कागदोपत्री अभय

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि वसई ते डहाणूची किनारपट्टी ठाण्याच्या हातून गेली. खुला समुद्र उरला तो उत्तनच्या बाजूचा. बाकी ठाण्याची खाडी आणि कल्याण-डोंबिवलीवरून उतरणारी उल्हास नदी. किनाऱ्यालगतच्या अशा उथळ, गढूळ पाण्यातच कुबड्या डॉल्फिन वावरतो. कोकणातले मच्छीमार त्याला गादा म्हणतात. उत्तनची चूल पेटते बोंबील-जवळ्यावर, गाद्याच्या शिकारीवर नाही.

शिकार झाली ती देवमाशांची, दूर समुद्रात. 1966 च्या आगेमागे सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात 242 कुबडे देवमासे बेकायदा मारले. पुढे 1979 मध्ये हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य ठरला आणि 1986 पासून व्यापारी शिकारीवर जागतिक स्थगिती आली. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने फिरणारे कुबडे देवमासे त्यानंतर इतके वाढले, की 2022 मध्ये त्या देशाने त्यांना संकटग्रस्तांच्या यादीतून वगळलं. ओमानलगतच्या त्यांच्या भाऊबंदांच्या संख्येचा अंदाज मात्र शंभराच्या आतच राहिला. भाला थांबला, पण जाळी आणि जहाजांची वर्दळ थांबली नाही.

गाद्याचं दुखणंही तेच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. त्याला मारलं तर तीन ते सात वर्षांची कैद. पण रात्रभर पाण्यात सोडलेल्या दालदी जाळ्याला अनुसूची वाचता येत नाही. गाद्याला श्वासासाठी वर यावंच लागतं. शेपटी जाळ्यात गुरफटली की काही मिनिटांत खेळ खलास. मादी एका वेळी एकच पिल्लू देते, तेही साधारण तीन वर्षांनी. त्यामुळे जाळ्यात गेलेली एक मादीसुद्धा महागात पडते.

डिसेंबर 2018 मध्ये महाराष्ट्राने वेगळा डाव टाकला: जाळं कापून संरक्षित जीव सोडणाऱ्या मच्छीमाराला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई. गंमत म्हणजे 2022 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतल्या गुन्ह्याचा किमान दंडही 25 हजारच झाला. या दोन्हींत भरपाईचा उपाय अधिक शहाणपणाचा म्हणायला हवा, कारण तो प्राणी जिवंत असताना कामाला येतो. योजनेचा फायदा मात्र बहुतेक कासवांना झाला. ती जाळ्यात जास्त वेळ तग धरतात.

खाडीच्या पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा निराळाच, 1974 चा. डोंबिवलीच्या कारखान्यांचं सांडपाणी उल्हासमध्ये जातं म्हणून ‘वनशक्ती’ संस्था हरित लवादात गेली. त्या खटल्यात मुद्दा होता नदीचा. गादा तिथे पक्षकार नव्हता.

त्याची मोजदाद मनावर घेतली गेली ती परक्या कायद्यामुळे. सागरी सस्तन प्राण्यांचे प्रमाणाबाहेर जीव घेणाऱ्या मासेमारीचा माल घ्यायचा नाही, असा नियम अमेरिकेने 2016 मध्ये केला. भारताची कोळंबी तर मोठ्या प्रमाणात तिकडेच जाते. मग केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे संशोधक देशाच्या किनाऱ्यावर डॉल्फिन आणि देवमासे मोजायला निघाले.