लाडकी बहीण निधीवाद

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेच्या खर्चावरून महाराष्ट्रातील सत्ताधारी महायुतीच्या घटक पक्षांत (भाजप, एकनाथ शिंदे यांची शिवसेना, अजित पवार यांची राष्ट्रवादी काँग्रेस) २०२४-२५ मध्ये झालेला वाद. वाशिम जिल्ह्याशी त्याचा संबंध दोन बाजूंनी येतो: सभेचे ठिकाण म्हणून आणि पालकमंत्र्यांमुळे.

तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी २८ जून २०२४ रोजी अर्थसंकल्पात ही योजना जाहीर केली. पात्र महिलेला दरमहा १,५०० रुपये आणि वर्षाचा अंदाजे खर्च ४६,००० कोटी. जुलैच्या अधिवेशनात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, त्यांत २५,००० कोटी महिला व बालविकास विभागाला या योजनेपोटी होते. पहिली ठिणगी मात्र श्रेयावरून पडली. राष्ट्रवादीच्या प्रचारात योजनेच्या नावातला 'मुख्यमंत्री' हा शब्द गाळला गेला आणि सप्टेंबरच्या मंत्रिमंडळ बैठकीत शिवसेनेचे शंभूराज देसाई यांनी त्याला हरकत घेतली.

महिनाभरात, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी, वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्याच सभेत 'पीएम-किसान'चा अठरावा आणि राज्याच्या 'नमो शेतकरी' योजनेचा पाचवा हप्ता सोडण्यात आला. त्यानंतरच्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने लाडक्या बहिणींना २,१०० रुपयांचे आश्वासन दिले आणि मोठे बहुमत मिळवले. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात योजनेला ३६,००० कोटी मिळाले, २,१०० ची तरतूद काही झाली नाही.

खरा भडका मे २०२५ मध्ये उडाला. एप्रिलच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी रुपये वळवण्यात आले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट (शिवसेना) यांनी उघड नाराजी व्यक्त केली. विभागाची गरज नसेल तर तो बंदच करा, असे ते म्हणाले. रोख अर्थखात्यावर, म्हणजे मित्रपक्षाच्या नेत्याकडे असलेल्या खात्यावर होता. अनुसूचित जाती-जमातींच्या महिलांनाही योजनेचा लाभ मिळतो, तेव्हा त्यांचा वाटा त्या-त्या घटकाच्या निधीतून दिला तर गैर काय, असा सरकारचा बचाव होता.

हा बचाव तपासून पाहायला हवा. आदिवासी उपयोजना सत्तरच्या दशकात सुरू झाली आणि अनुसूचित जातींसाठीची विशेष घटक योजना त्यामागोमाग आली. या समाजांना सर्वांबरोबर मिळते त्याच्यावर काही जादा मिळावे, हा दोन्हींचा हेतू. लाडकी बहीण योजना जात पाहत नाही. उत्पन्न आणि वय पाहते. सर्वांना मिळणारा लाभ घटक निधीतून भागवला की जादा मिळायचे ते राहूनच जाते. वसतिगृह, शिष्यवृत्ती, आश्रमशाळा आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याच्या खोलीभाड्याला आधार देणारी 'स्वाधार' योजना याच दोन विभागांच्या पैशावर चालतात. वाशिमच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १९ टक्के आहे आणि हा जिल्हा निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. इथे आईच्या खात्यातला हप्ता आणि मुलीची शिष्यवृत्ती एकाच घरात येऊ शकते. एकीसाठी दुसरीचा पैसा वळवणे त्या घरावर अन्याय करणारे आहे. कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तेलंगण यांनी अनुसूचित जाती-जमातींच्या या निधीसाठी कायदे केले आहेत. हा वाद पेटला तेव्हा महाराष्ट्रात तसा कायदा नव्हता.

जुलै २०२५ मध्ये राष्ट्रवादीचेच मंत्री दत्तात्रय भरणे यांनी इंदापूरला सांगितले की, लाडकी बहीण योजनेमुळे इतर कामांचा निधी यायला उशीर होत आहे. भरणे तेव्हा वाशिमचे पालकमंत्री होते. हसन मुश्रीफ यांनी ही जबाबदारी सोडल्यावर ती त्यांच्याकडे आली होती. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडेच असल्याने रस्ते, शाळाखोल्या, आरोग्य केंद्रे यांच्या निधीचा विषय त्यांच्यासमोरच येतो. सुमारे २६ लाख लाभार्थ्यांचे हप्ते अपात्रतेच्या संशयावरून जूनपासून थांबवल्याचे त्याच महिन्यात जाहीर झाले आणि सप्टेंबरमध्ये सर्व लाभार्थी महिलांना ई-केवायसी सक्तीची झाली.