‘हा आपल्याकडचा रोग नव्हे’

वैद्यकाच्या इतिहासात काही मते अशी आढळतात, की ती सर्वस्वी खोटी नसतात, केवळ अपुरी असतात. परंतु त्यांच्यामुळे रोग्याचे होणारे नुकसान खोट्या मतामुळे होणाऱ्या नुकसानीहून कमी नसते. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकाराविषयी भारतात दीर्घकाळ रूढ असलेले मत याच जातीचे होते. हा थंड देशांतील लोकांचा रोग. आपल्या उन्हाच्या देशात तो सहसा आढळावयाचा नाही, असे ते मत. ते कसे बनले, कोणी तपासून पाहिले आणि आज त्यातले काय उरले आहे, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. मेंदू आणि मज्जारज्जू यांतील तंतूंवर मायेलिन नावाचे स्निग्ध वेष्टन असते. त्याच्यामुळे तंतूंमधून संदेश वेगाने जातात. या रोगात शरीराची संरक्षक यंत्रणाच त्या वेष्टनावर उलटते. ठिकठिकाणी ते झडते आणि तेथे कठीण व्रण उरतात. व्रण दृष्टीच्या तंतूवर पडला, तर एक डोळा दुखू लागून अंधुक होतो. मज्जारज्जूत पडला, तर पाय जड व बधिर होतात किंवा लघवीवरील ताबा सुटतो. लहान मेंदूकडे पडला, तर तोल जातो. आरंभ बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान होतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा रोग अधिक प्रमाणात होतो. याची खरी फसवणूक पुढेच आहे. पुष्कळ रोग्यांत पहिला झटका काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. रोगी म्हणतो, बरे झालो. आणि रोग आत टिकून राहतो.

ही फसवणूक एका रोग्याने आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवली आहे. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस डेस्टे 1822 च्या डिसेंबरात स्कॉटलंडात एका आप्ताच्या अंत्यविधीला हजर होता. त्यानंतर लवकरच त्याची दृष्टी अंधुक झाली आणि उपचारावाचून सुधारली. मग डोळे, पाय, मूत्राशय असे एकेक इंद्रिय दगा देत गेले. 1846 पर्यंत त्याने आपली हकीकत लिहिली, 1848 मध्ये तो वारला. पण त्याला काय झाले होते, हे सांगणारा कोणी भेटला नाही. कारण रोगाला अजून नावच नव्हते. शवविच्छेदनात सापडलेल्या व्रणांची चित्रे कार्सवेल व क्रूव्हेल्हिए यांनी त्याच काळात काढली होती. मात्र ते व्रण आणि जिवंत रोग्याची लक्षणे यांची नीट सांगड घातली ती पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झां-मार्तें शार्को यांनी, 1868 मध्ये.

पुढे विसाव्या शतकात रोग्यांची गणती सुरू झाली, तेव्हा विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसा हा रोग वाढतो, असे दिसून आले. निरीक्षण खरे होते. त्यावरून उष्ण देशांत तो जवळपास नाहीच, हा समज मात्र आपोआप रूढ झाला. आणि जेथे रोग नाही असे धरून चालतात, तेथे तो शोधला जात नाही.

आपल्याकडे हा समज तपासून पाहण्याचे काम बऱ्याच अंशी मुंबईत झाले. 1975 मध्ये डॉ. भीमसेन सिंघल व डॉ. नोशीर वाडिया यांनी मुंबई परिसरातील रोग्यांची काटेकोर छाननी करून त्यांचे चित्र प्रसिद्ध केले. त्यानंतर लक्ष गेले ते पारशी समाजाकडे. डॉ. भरुचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन पाहणी केली. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार लाखामागे सुमारे 21 रोगी आढळले. 1990 मध्ये वाडिया व भाटिया यांनी मुंबई व पुणे येथील पारशांसाठी लाखामागे 26 हा आकडा दिला. इतर भारतीयांत तो लाखामागे सुमारे एक असावा, असा त्या काळचा अंदाज होता. ऊन तेच, पाणी तेच, शहर तेच. तरीही एवढी तफावत. केवळ हवामानाने या रोगाचे कोडे सुटत नाही, रक्ताच्या वारशाचाही त्यात वाटा आहे, ही गोष्ट या आकड्यांनी पुढे आणली. 2022 मध्ये अमेरिकी सैनिकांच्या मोठ्या अभ्यासातून एपस्टाइन-बार या अतिपरिचित विषाणूचाही निकटचा संबंध उघड झाला. तो विषाणू बहुतेक सर्व माणसांच्या शरीरात असतो आणि रोग मात्र थोड्यांनाच होतो. म्हणजे तेही एकमेव कारण नव्हे.

दुसरा बदल उपकरणांनी घडविला. निदानाचे मूळ तत्त्व असे, की मज्जासंस्थेत एकाहून अधिक ठिकाणी आणि एकाहून अधिक वेळा आघात झाल्याचे दिसावे, व त्याला दुसरे कारण नसावे. 1965 चे शूमाखर यांचे, 1983 चे पोझर यांचे आणि 2001 चे मॅकडॉनल्ड यांचे निकष या तत्त्वावरच उभे आहेत. 1981 पासून एमआरआय यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूतील व्रण दिसू लागले. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याची तपासणी त्याला पुष्टी देते. ही यंत्रे भारतात पसरली, मेंदूविकारतज्ज्ञ वाढले, आणि रोगीही दिसू लागले. 2014 मध्ये मंगळूर शहरातील पाहणीत लाखामागे सुमारे आठ रोगी आढळले. रोग किती वाढला आणि दृष्टी किती वाढली, हे वेगळे करणे सोपे नाही. पण दृष्टीचा वाटा मोठा आहे.

आता उन्हाचीच गोष्ट घेऊ. 1890 मध्ये जर्मन वैद्य विल्हेल्म उट्हॉफ यांनी नमूद केले, की काही रोग्यांची दृष्टी श्रमानंतर तात्पुरती मंदावते. पुढे कळले, की याचे कारण शरीराची वाढलेली उष्णता. वेष्टन झडलेला तंतू उष्णतेने आणखी दुबळा होतो व गारव्याने सावरतो. एमआरआय येण्यापूर्वी रोग्याला गरम पाण्यात बसवून लक्षणे वाढतात का, हे पाहण्याची चाचणीसुद्धा प्रचारात होती. तेव्हा ज्या उन्हामुळे हा रोग आपल्याकडे नाही असे मानले गेले, तेच ऊन असलेल्या रोगाची लक्षणे चव्हाट्यावर आणते!

छत्तीसगडातील जामुलचा विचार या दृष्टीने करावा. 1959 मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्याच्या शेजारचे जामुल सिमेंटच्या कारखान्यामुळे नावारूपाला आले. या औद्योगिक पट्ट्यात विदर्भातून गेलेली मराठी कुटुंबेही आहेत. वैशाखात तेथे पारा चाळिसाच्या वर चढतो. अशा ठिकाणी एखाद्या तरुण कामगाराचे किंवा गृहिणीचे पाय दुपारी जड झाले, नजर अंधुक झाली, तर ‘ऊन लागले’, ‘अशक्तपणा आहे’ हे उत्तर तयारच असते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु डोळा दुखून अंधुक होणे, मान वाकविताच पाठीतून विजेसारखी कळ जाणे, एक अंग दिवसेंदिवस बधिर राहणे, असे काही चोवीस तासांहून अधिक टिकले, तर रायपूर वा नागपूर येथील मेंदूविकारतज्ज्ञाची गाठ घेणे अगत्याचे आहे. मागे कधी डोळ्याला असेच झाले होते काय, हा एक प्रश्न विचारला गेला, तर निदानाची कित्येक वर्षे वाचू शकतात.

घाई करून नाव ठेवणेही तितकेच घातक. बी-12 जीवनसत्त्वाची उणीव, क्षय, आणि विशेषतः न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा सदृश विकार यांना वगळावे लागते. या शेवटच्या विकाराची रक्तातील खूण 2004 मध्ये सापडली. मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधे त्यात अपाय करतात. म्हणून अचूक निदान हा उपचाराचा पायाच होय.

उपचाराचा इतिहास अगदी अलीकडचा आहे. स्टिरॉइडने झटका लवकर ओसरतो; परंतु रोगाची वाटचाल त्याने बदलत नाही. झटक्यांची संख्या कमी करणारे पहिले औषध, इंटरफेरॉन बीटा, 1993 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्यानंतर अधिक प्रभावी औषधे आली. रोग मुळापासून जात नाही. मात्र उपचार लवकर सुरू झाल्यास पुढचे पंगुत्व बऱ्याच अंशी टाळता वा लांबविता येते. त्याच्या जोडीला व्यायाम, पुरेशी विश्रांती, धूम्रपानाचा त्याग आणि उन्हाळ्यात शरीर गार राखण्याची दक्षता हवी. काम शक्यतो सकाळच्या वेळी उरकावे. उष्णतेने वाढलेली लक्षणे गारव्याने उतरतात, तो नवा झटका नव्हे, हे माहीत असले म्हणजे निष्कारण भीती राहत नाही.

समाजाची बाजूही हळूहळू उभी राहिली. 1985 मध्ये मुंबईत रोग्यांसाठी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात या रोगाचा स्पष्ट उल्लेख आला. दिवसभर न दिसणारा थकवा अंगावर वागविणाऱ्या माणसाला ‘आळशी’ म्हणणाऱ्या जगात या उल्लेखाचे मोल फार आहे.

डेस्टेजवळ राजघराणे होते, वैद्य होते, पैसा होता. त्याच्या रोगाला नाव नव्हते. आज नाव आहे, उपकरणे आहेत, औषधेही आहेत. जामुलच्या रोग्यापर्यंत ती पोहोचण्याआड महागाई व अंतर येतातच. पण त्यांच्याही आधी ‘हा आपल्याकडचा रोग नव्हे’ हे जुने वाक्य येते. पहिल्या दोन अडचणींना पैसा आणि वेळ लागेल. तिसरी मात्र नुसत्या ज्ञानाने दूर होण्यासारखी आहे.