धावून जाणारांचा मुशाहिरा

बालाघाटाच्या डोंगरपठारावरील लिंबागणेश हे गाव भालचंद्राच्या देवालयामुळे सर्वश्रुत आहे. गणेशाच्या शापाने निस्तेज झालेल्या चंद्राने येथेच तप केले, अशी स्थलकथा आहे. माझे लक्ष मात्र देवालयापेक्षा रस्त्याकडे अधिक जाते. तो एका अंगाला मांजरसुंब्यास सोलापूर-धुळे महामार्गाला भिडतो आणि दुसऱ्या अंगाला पाटोद्यावरून जामखेडास पोहोचतो. अडल्यानडलेल्यासाठी अपरात्री उठणाऱ्या माणसाला त्या कामात कशाने टिकविले, या प्रश्नाचे आपल्या मुलुखातले सर्वांत बोलके उत्तर याच रस्त्याच्या जामखेडकडील टोकाला सापडते.

जामखेडच्या त्या उत्तराआधी अपरात्री धावून जाण्याचे हे काम सुईणीचे. सुतार-लोहारांचे बलुते खळ्यावर ठरलेले असे. सुईणीच्या नावे सनद नव्हती, की दफ्तरात नोंद नव्हती. पाचवीला तिची ओटी भरली जाई, ऐपतीप्रमाणे साडीचोळी नि पायलीभर ज्वारी मिळे, आणि आपण अंगावर घेतलेली मुले मोठी होऊन औत हाकताना ती डोळ्यांनी पाही. हे सारे रम्य होते असे मात्र कोणी समजू नये. नाळ कापावयास पुष्कळदा घरचाच विळा घेतला जाई आणि धनुर्वाताने अर्भके दगावत.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 साली जामखेडास काम आरंभिले, तेव्हा त्यांचाही भरवसा प्रथम शिकलेल्या परिचारिकांवर होता. परंतु परक्या खेड्यात एकटीने राहण्यास त्या धजावत ना, आणि राहिल्या तरी गावाचा विश्वास त्यांच्यावर बसत नसे. तेव्हा गावातलीच बाई निवडावी असे ठरले. निवडल्या गेलेल्या बहुतेक स्त्रिया निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्यास जामखेडला येऊन त्या शिकत, गावात काय घडले ते सांगत आणि मुक्काम करीत. निर्जंतुक पाते नि दोरा हाताळणाऱ्या या बायका पहिल्या रात्री जातीच्या विटाळापायी एकमेकींच्या शेजारी निजण्यासही कचरल्या, म्हणून सर्वांना पुरेल असे एकच मोठे पांघरूण शिवून घेण्यात आले. मला या साऱ्या वृत्तांतात ते पांघरूण सर्वांत महत्त्वाचे वाटते. या बायकांना टिकविले ते नियमित वेतनाने नव्हे, तर दर आठवड्याला कोणीतरी आपले ऐकून घेते, चुकले तर न हिणवता पुन्हा शिकविते, आणि काल विटाळ मानणारी पाटलीणही आज दारी बोलावते, या प्रत्ययाने. 1979 साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सरकारनेही 2 ऑक्टोबर 1977 पासून हजार लोकवस्तीमागे एक जनस्वास्थ्य रक्षक नेमण्याची योजना काढली: तीन महिन्यांचे शिक्षण, औषधांची पेटी आणि महिना पन्नास रुपये मानधन. निवड बहुधा गावच्या पुढाऱ्यांच्या मर्जीतल्या पुरुषांची झाली. आणि पन्नास रुपयांचा विलक्षण परिणाम असा झाला, की सेवक म्हणून नेमलेला माणूस स्वतःस अल्प पगाराचा सरकारी नोकर समजू लागला व कायम करण्याची मागणी करू लागला. त्यास दोष तरी कसा द्यावा? पगार म्हणावा तर पोट भरत नाही, आणि मान म्हणावा तर त्याची किंमत मोजून दाखविलेली! योजनेचे नाव पुढे दोनदा बदलले, दुखणे तेच राहिले. 2005 नंतर आलेल्या आशाताईंचा मोबदलाही कामागणिक ठरला, आणि त्यांचे मोर्चे आपण पाहतोच.

अपघाताची कथा निराळी. घाटात उलटलेल्या गाडीतून जखमींना बाहेर काढावयास वस्तीवरचे लोक पूर्वीही धावत. पुढे त्यांचा पाय अडे तो पंचनाम्यापाशी, जबानीपाशी, साक्षीसाठी कोर्टात पडणाऱ्या खेट्यांपाशी. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली अशा मदतनीसास संरक्षण दिले, आणि 2019 च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात आले. 2014 पासून महाराष्ट्रात 108 क्रमांकाच्या 937 रुग्णवाहिका धावू लागल्या, ही गोष्ट मोठीच. तरी डोंगरातल्या वस्तीचा फाटा चालकास अंधारात कळत नाही. त्यासाठी कोणीतरी अंथरुणातून उठून, डोक्यावरून घोंगडी घेऊन, बॅटरी हलवीत रस्त्यावर उभे राहते, आणि गाडी वळली की तिच्यामागून चालत वस्तीकडे परतते.