एडवर्ड वेस्टनची रोजनिशी : एक साधनचिकित्सा

एडवर्ड वेस्टन (इ. स. १८८६–१९५८) हा अमेरिकन छायाचित्रकार गिऱ्हाइकांच्या तसबिरी काढतां काढतां स्वतंत्र कलेकडे वळला, ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते. ती बव्हंशीं खरी आहे. परंतु तिचा मुख्य आधार त्याची स्वतःचीच रोजनिशी होय, आणि ती कोणत्या अवस्थेंत आपल्या हातीं आली हें न पाहतां तिच्यावर विसंबणें संशोधकास शोभणारें नाहीं.

निर्विवाद भाग थोडक्यांत असा. लॉस एंजेलिस येथें दुसऱ्यांच्या स्टुडिओंत निगेटिव्हवर हात फिरविण्याची चाकरी केल्यावर वेस्टननें इ. स. १९११ मध्यें ट्रॉपिको गांवीं स्वतःचा स्टुडिओ थाटला. धूसर, रंगचित्रासारख्या तसबिरींनी त्यास नांव व पारितोषिकें मिळालीं. इ. स. १९२२ मध्यें ओहायोंतील मिडलटाउन येथें त्यानें आर्मको पोलाद कारखान्याचीं धुराडीं टिपलीं, तीं मात्र अगदीं निराळ्या, स्पष्ट रेषांचीं. पुढील वर्षीं तो मेक्सिकोस गेला.

आतां रोजनिशी. मेक्सिकोपूर्वीची वही वेस्टननें स्वतःच नष्ट केली. १९२२ च्या प्रवासाचें टिपण तेवढें उरलें. मेक्सिकोंतील भाग टंकलिखित नकलेवरूनच कळतो. जें शिल्लक राहिलें त्यांतूनही त्यानें नांवें व मजकूर वस्तऱ्याच्या पात्यानें कापून काढला. नॅन्सी न्यूहॉल हिनें संपादिलेले दोन भाग इ. स. १९६१ व १९६६ मध्यें, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर, छापले गेले.

यांतील मर्म असें कीं, नाहींसा झाला तो नेमका स्टुडिओच्या काळाचा कागद. तीं वर्षें हीन धंद्याची होतीं हा निवाडा पुढच्या वेस्टनचा आहे. तत्कालीन वेस्टनला काय वाटत होतें याचा पुरावा त्यानेंच राखिला नाहीं. बखरीपेक्षां अस्सल पत्रास अधिक किंमत द्यावी हा राजवाड्यांचा दंडक येथेंही लावला पाहिजे. आणि येथें अस्सल कागद म्हणजे चित्रेंच. इ. स. १९२१ मधील कांहीं चित्रांवर वेस्टन व मार्गरेथ मॅथर या दोघांच्याही सह्या आहेत. स्टुडिओंतील ही सहकारिणी रोजनिशीच्या वाचकास फारशी भेटत नाहीं. सह्या मात्र वस्तऱ्यास वश झाल्या नाहींत!

त्याच चित्रांवरून दुसरीही गोष्ट दिसते. धंदा सुटला व कला सुरू झाली, अशी सरळ सीमारेषा कोठेंच आढळत नाहीं. इ. स. १९२६ मध्यें तो मेक्सिकोभर हिंडला तो अनिता ब्रेनर हिच्या ग्रंथासाठीं चित्रें पुरविण्याच्या करारावर. टिनाच्या नरसाळ्यांत ठेवून काढलेली प्रसिद्ध मिरची इ. स. १९३० ची, त्या सुमारास कार्मेल येथें तो तसबिरींवरच निर्वाह करीत होता. इ. स. १९३७ मध्यें गुगेनहाइम वृत्ति मिळाली (ती मिळालेला तोच पहिला छायाचित्रकार), तेव्हां कोठें कांहीं काळ गिऱ्हाइकांपासून उसंत मिळाली. तरी इ. स. १९४१ मध्यें व्हिटमनच्या काव्यग्रंथासाठीं त्यानें पुन्हां सांगून दिलेलें काम पत्करलेंच.

इ. स. १९४८ नंतर कंपवातामुळें त्याचा कॅमेरा थांबला. इ. स. १९५२ ते १९५५ या काळांत त्याचा मुलगा ब्रेट यानें त्याच्या देखरेखीखालीं आठशेंहून अधिक निगेटिव्हांच्या प्रती छापल्या. पण निगेटिव्हांची निवड वेस्टनचीच. तेव्हां या संग्रहासही रोजनिशीचीच कसोटी लावली पाहिजे. त्याचें दप्तर इ. स. १९८१ मध्यें ॲरिझोनांतील टक्सन येथील छायाचित्र-केंद्रांत दाखल झालें. तेथील जुन्या छापांवरील तारखा व सह्या रोजनिशीशीं ओळीनें ताडून पाहणें, हें काम आधीं व्हावयास हवें.