सर्पगंधेचं मूळ आणि बीपीची गोळी

राजर्षी शाहू महाराजांनी ६ मे १९२२ रोजी मुंबईतल्या खेतवाडीत, पन्हाळा लॉजमध्ये देह ठेवला. वयाची ४८ वर्षंही पुरी झाली नव्हती. महाराज हृदयविकारानं गेले हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. २०२२ साली स्मृतिशताब्दीला अख्खं शहर १०० सेकंद जागच्या जागी थांबलं होतं. त्या काळच्या डॉक्टरांच्या पेटीत हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या दुखण्यावर काय काय होतं, हे पाहू गेलं तर मन खिन्न होतं. छातीतल्या कळेवर नायट्रोग्लिसरीन होतं, थकलेल्या हृदयाला डिजिटॅलिस होतं. वाढलेल्या रक्तदाबावर मात्र काहीच नव्हतं. राजा असो की रयत, सल्ला एकच: विश्रांती घ्या, कमी खा, चिंता करू नका.

आणि हे तेव्हा, जेव्हा रक्तदाब मोजता येत होता. इटलीतल्या रिव्हा-रोची यांनी १८९६ साली दंडाला गुंडाळायची हवेची पट्टी आणि पाऱ्याची नळी यांची जोडी बसवली. १९०५ साली कोरोत्कॉफ या रशियन शल्यचिकित्सकानं त्या पट्टीखाली स्टेथोस्कोप ठेवून ठोक्यांचा आवाज कुठे सुरू होतो आणि कुठे विरतो हे ऐकायला शिकवलं. वरचा आकडा आणि खालचा आकडा तिथून आले. म्हणजे जवळजवळ अर्धं शतक जगभरचे डॉक्टर एक धोका अचूक मोजत होते आणि मोजून गप्प बसत होते.

गप्प बसण्याला कारणही होतं. वय वाढलं, वाहिन्या कडक झाल्या की रक्त पुढे ढकलायला जास्त जोर लागणारच, तेव्हा हा दाब शरीरानंच गरजेपोटी वाढवलेला असतो, अशी समजूत होती. अमेरिकेतले थोर हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी १९३१ च्या आपल्या ग्रंथात साधारण हाच सूर लावला होता: दाब उतरवायची खात्रीची युक्ती सापडली, तरी त्याला हात न लावणंच कदाचित शहाणपणाचं. या समजुतीची किंमत किती मोठी होती, ते अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे पाहिलं की कळतं. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाचा हा अध्यक्ष १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन गेला. कोसळल्यानंतर त्यांच्या डॉक्टरांनी नोंदवलेला दाब वर ३००, खाली १९० असा होता. आधीचं वर्षभर तो चढतच होता. आळणी जेवण, डिजिटॅलिस आणि झोपेचं औषध, याच्यापलीकडे त्यांना द्यायला कुणाकडे काही नव्हतं.

त्याच काळात भारतात एका झुडपाचं मूळ पाट्या-वरवंट्यावर वाटलं जात होतं.

झुडूप गुडघाभर, फार तर कमरेइतकं. पानं तीन-तीनच्या फेऱ्यांत, फुलं पांढरी-गुलाबी, देठ लालसर, फळं पिकली की जांभळट काळी. मूळ वेडंवाकडं आणि कडूजहर. सह्याद्रीच्या पावसाळी रानातही ते वाढतं. संस्कृतात त्याला सर्पगंधा म्हणतात. सापाच्या विषावर, तापावर, पोटदुखीवर ते चालतं अशी ठिकठिकाणची समजूत होती. बिहारकडे तर बाजारात ते ‘पागल की दवा’ म्हणून विकलं जाई, कारण बेभान झालेला माणूस त्यानं शांत होऊन झोपतो हे लोकांनी पाहिलेलं होतं. गोव्यात राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या पुस्तकात सर्पविषावरच्या मुळांची चर्चा केली आहे. त्यातलं एक सर्पगंधा असावं असं अभ्यासक मानतात. पुढे १७०३ मध्ये प्ल्युमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं या कुळाला राउवोल्फ या जर्मन वैद्याचं नाव दिलं. हा वैद्य सोळाव्या शतकात सीरिया-इराकपर्यंत फिरला होता, हिंदुस्थानापर्यंत मात्र कधी पोहोचला नाही.

इथपर्यंतची कथा जडीबुटीच्या कुठल्याही कथेसारखी आहे. तिला वळण लागलं १९३१ साली, आणि एकाच वर्षी दोन शहरांत. कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की हे मूळ वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी आहे. मोठी मात्रा दिली तेव्हा रोग्यांना येणारी मरगळ आणि इतर त्रासही त्यांनी नोंदवले. रक्तदाब हा शब्द या मुळाच्या शेजारी प्रथम ठळकपणे आला तो इथे. दिल्लीत तिब्बिया कॉलेजच्या प्रयोगशाळेत सलीमुज्जमाँ सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी त्याच मुळातून अल्कलॉइडं, म्हणजे त्यातली गुणकारी द्रव्यं, वेगळी काढली. हकीम अजमल खान यांनी हे काम त्यांच्यावर सोपवलं होतं, म्हणून एका अल्कलॉइडाला त्यांनी ‘अजमलीन’ हे नाव दिलं. पुढे कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. १९३४ पासून हिमालया ड्रग कंपनीची ‘सर्पिना’ ही मुळाची गोळी बाजारात आली आणि खपू लागली.

खप झाला म्हणून पुरावा झाला असं नव्हे. हजारो डॉक्टर चिठ्ठीवर लिहीत होते, रोगी बरं वाटतं म्हणत होते, आणि तरीही भारताबाहेर कुणी या गोष्टीवर विश्वास ठेवायला तयार नव्हतं. ते काम पुरं केलं डॉ. रुस्तम जाल वकील यांनी.

वकील मुंबईचे पारशी, जन्म १९११ चा. शिक्षण लंडनमध्ये झालं. परत आल्यावर परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी काम सुरू केलं. केईएमचा बाह्यरुग्ण विभाग म्हणजे गिरणगावाचा दवाखाना. त्या काळी तिथे रांगेत उभी राहणारी माणसं सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडून पोट भरायला आलेली असत. तिथल्या कामातून वकील यांनी सर्पगंधेचा अनुभव वर्षानुवर्षं गोळा केला. १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांचा लेख आला. वाढलेल्या रक्तदाबाचे ५० रोगी, ठरावीक मात्रेची गोळी, औषधाआधीचा दाब आणि औषधानंतरचा दाब. बहुतेकांचा दाब उतरला, वरचाही आणि खालचाही. कुणाचा किती उतरला हे आकड्यांत मांडलं होतं, आणि नाक चोंदणं, सुस्ती येणं असले उपद्रवही लपवलेले नव्हते.

लेख जेमतेम सहा पानांचा. आजच्या कसोट्या लावल्या तर त्यात उणं काढता येईल, तुलनेला तगडा दुसरा गट हवा होता असं म्हणता येईल. पण ‘आमच्याकडे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय’ असं म्हणणं आणि ‘हा पहा आधीचा आकडा, हा नंतरचा’ असं म्हणणं, यांत जे अंतर आहे ते वकील यांनी ओलांडलं. माझ्या लेखी हृदयरोगाच्या भारतीय इतिहासातला हा सर्वांत मोलाचा लेख आहे. आज जुन्या ज्ञानाचा जयजयकार करणाऱ्यांना आणि त्याला नाक मुरडणाऱ्यांना, दोघांनाही तो एकदा वाचायला द्यावा असं फार वाटतं.

पुढचं सगळं झपाट्यानं झालं. बॉस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी वकील यांचा लेख वाचून भारतातून गोळ्या मागवल्या आणि आपल्या रोग्यांना दिल्या. स्वित्झर्लंडमध्ये बाझेल इथल्या सीबा कंपनीत श्लिटलर आणि म्युलर या रसायनज्ञांनी मुळाच्या चिकट, राळेसारख्या अंशात हात घातला. खरा गुण तिथे दडला होता. १९५२ साली बाइन या सहकाऱ्यासह त्यांनी ‘रेसर्पिन’ हे शुद्ध द्रव्य मिळाल्याचं जाहीर केलं. १९५६ मध्ये रसायनज्ञ वूडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत मुळाशिवाय घडवून दाखवलं. १९५७ सालचा वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार रेसर्पिनसाठी ज्यांना मिळाला त्यांत मनोरुग्णांवर ते वापरणारे नेथन क्लाइन होते आणि डॉ. वकीलही होते. १९५८ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. एवढं असूनही आज केईएमच्या दारातून जाणाऱ्या दहा जणांना विचारा, हे नाव क्वचितच कुणाला आठवेल.

रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेली रसायनं रिकामी करतं. वाहिन्यांना आवळायचा हुकूम घेऊन जाणारं नॉरॲड्रिनलिन कोठीतच उरत नाही, म्हणून वाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. मेंदूतल्या कोठ्याही अशाच रिकाम्या होतात. सुरुवातीला दिवसाला अर्धा मिलिग्रॅम, एक मिलिग्रॅम अशा मात्रा दिल्या गेल्या. काही रोगी खोल उदासीत गेले, काहींनी जिवाचं बरंवाईट करून घेतलं. ही या औषधाची काळी बाजू. पण तिच्यातूनच मेंदूच्या अभ्यासाची एक वाट फुटली. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिननं मलूल पडलेल्या सशांना एल-डोपा देऊन पुन्हा हिंडतं केलं. कंपवाताच्या औषधाचा रस्ता त्या प्रयोगाशी जाऊन मिळतो, आणि त्याच संशोधनासाठी २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं.

दाब उतरतो हे कळलं तरी एक मोठा प्रश्न शिल्लकच होता: दाब उतरवल्यानं माणूस वाचतो का? अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ पासून ५,२०९ माणसांचा पाठपुरावा सुरू झाला होता. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान ही हृदयविकाराची जोखीम वाढवणारी कारणं म्हणून तिथूनच नावारूपाला आली. जोखीम ओळखणं एक, ती उतरवून फायदा दाखवणं दुसरं. ते दाखवलं एडवर्ड फ्राइस यांनी अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत. १४३ पुरुष, सगळ्यांचा खालचा दाब ११५ ते १२९. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून निम्म्यांना खरी औषधं दिली, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. १९६७ मध्ये निकाल छापून आला. पोकळ गोळीवाल्यांत झटका, पक्षाघात यांसारख्या २७ गंभीर घटना घडल्या, औषधवाल्यांत २. मृत्यू तिकडे ४, इकडे एकही नाही. १९७० मध्ये त्याहून कमी दाबाच्या ३८० पुरुषांवरही फायदा दिसला. व्हाइट यांची ‘हात लावू नका’ ही शंका त्या दिवशी निकालात निघाली.

फ्राइस यांच्या औषधांत तीन गोष्टी होत्या: लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रॅलझिन आणि तिसरं रेसर्पिन. दाब उतरवला तर माणूस जगतो याचा जगातला पहिला भक्कम पुरावा उभा राहिला, त्यात आपल्या मातीतलं कडू मूळ होतं.

आपल्याकडे त्याच धर्तीचं मिश्रण ‘ॲडेल्फेन’ आणि ‘ॲडेल्फेन एसिड्रेक्स’ या नावांनी घरोघर पोहोचलं. साठीच्या पुढच्या कुठल्याही कोल्हापूरकराला आई-वडिलांच्या उशाशी असलेली ती गोळी आठवेल. रेसर्पिन मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा, स्वस्त, दिवसातून एक-दोनदा. १९७४ मध्ये रेसर्पिननं स्तनाचा कर्करोग होतो अशी ओरड झाली. नंतरच्या अभ्यासांत ती टिकली नाही, पण औषधाचं नाव खराब झालं ते झालंच. तोवर नवी औषधं आली होती आणि सर्पगंधेची लेक मागे पडली. खुद्द झुडपाचं तर त्याहून वाईट झालं. मूळ उपटलं की झाड संपतं. पन्नाशीच्या दशकात परदेशातली मागणी एवढी वाढली की सरकारला मुळाच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली, आणि १९९० पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या वनस्पतींच्या यादीत सर्पगंधा आहे.

आज कोल्हापुरात थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआर या सरकारी रुग्णालयात, किंवा गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते ती बहुधा ॲम्लोडिपिनची गोळी. औषध बदललं, रोग्याचं बोलणं बदललेलं नाही. ‘मला कायबी होत न्हाई, मग गोळी कशाला?’ आणि ‘एकदा सुरू केली की कायमची मागं लागते.’ ही दोन वाक्यं आमच्याकडच्या प्रत्येक डॉक्टरनं ऐकलेली आहेत. पहिलं वाक्य खरंच असतं. वाढलेला दाब बहुतेकांना काहीच जाणवू देत नाही. फ्राइस यांच्या २७ घटनांतल्या कित्येकांनाही आदल्या दिवशी काही जाणवलं नसेल. दुसऱ्या वाक्याबद्दल सांगायचं तर मागं लागतो तो दाब. गोळी सोडली की तो परत वर येतो, आणि लोक दोष गोळीला देतात. त्यात खर्डा, लोणचं, पापड आणि मिसळीचा कट यांतून पोटात जाणारं मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवा म्हणते. वर निपाणीचा तंबाखू आणि सकाळची मिसरी.

२०१७ च्या अखेरीस केंद्र सरकार, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम हाती घेतला. महाराष्ट्रातून त्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. पहिले दोन आमच्या जवळचेच. त्याची रीत साधी आहे. कुठलं औषध आधी आणि कुठलं नंतर, हे सगळीकडे एकच ठरलेलं. गोळ्या एकदम ३० दिवसांच्या द्यायच्या, म्हणजे मजुरी बुडवून दर आठवड्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. आणि प्रत्येक रोग्याचा कागद: आला त्या दिवशी दाब किती, पुढच्या महिन्यात किती, १४०/९० च्या खाली आला की नाही, आलाच नाही तर घरी निरोप गेला का. त्यासाठी डॉक्टरच लागतो असंही नाही, परिचारिका हा कागद भरू शकते, आणि शेतावर कामाला गेलेला माणूस महिना उलटूनही आला नाही की त्याचं नाव कागदावर लगेच दिसतं.