राधानगरीचं पाणी

गेल्या श्रावणात भावकीतल्या माणसांनी जीप ठरवली. नेसरीतून पहाटे निघालो ते गडहिंग्लज, उत्तूर, गारगोटी करत दहाच्या सुमाराला राधानगरी धरणावर. तळं काठोकाठ भरलेलं. सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी दोन उघडे होते. तिथं बटण दाबायला कुणी बसत नाही. पाणी पातळीला आलं की त्याच्याच दाबानं दार उघडतं, उतरलं की मिटतं.

सात म्हटलं की नेसरीकराला दुसरंच आठवतं. 1674 च्या फेब्रुवारीत प्रतापराव गुजर सहा गड्यांनिशी बहलोलखानावर तुटून पडले ती आमची खिंड. पोरांना तेवढाच इतिहास आम्ही सांगत आलो. पाण्याचा कुणी सांगितला नाही.

शाहू महाराज 1894 ला कारभार बघू लागले आणि दोन वर्षांत दुष्काळ पडला, पाठोपाठ प्लेग. भोगावती अडवायचं त्यांनी मनावर घेतलं, 1909 च्या सुमाराला काम निघालं. पण पैसा पुरेना, काम मधेच थांबलं. 1922 साली महाराज गेले तेव्हा भिंत अपुरीच होती. पुरी झाली ती स्वातंत्र्यानंतर. तळ्याला राणीसाहेबांचं नाव, लक्ष्मी तलाव. गावाला लेकीचं, राधाबाईंचं. मंडळी म्हणाली, "सोताचं नाव कुटंच नाही की हो."

पुढं दाजीपूरच्या वाटेला पाणी बराच वेळ सोबतीला असतं. एका टपरीवर चहा घेतला. तिथल्या म्हाताऱ्यानं पाण्याकडं बोट केलं. "आज्जाची भातखाचरं हितंच खाली हायती. उन्हाळ्यात पाणी हटलं की बांध दिसत्यात."

"वाईट वाटत असंल?"

"आज्जाला वाटायचं. आमी बघाय जातो."

माझा चहा तसाच राहिला. आमच्या शिवारात पाझर तलाव मंजूर झाला होता तेव्हा वडिलांनी वीस गुंठे द्यायला साफ नकार दिला, आणि कागदावर त्यांच्यासाठी अर्ज मी लिहिला. दहावी झालेला घरात मीच. तलाव रद्द झाला. त्या वीस गुंठ्यात आज ऊस आहे. खालच्या अंगाच्या चार विहिरी मात्र मार्चलाच तळ दाखवतात. त्यातली एक चुलतभावाची. तो शेजारीच बसून चहा पीत होता.

येताना जीपमध्ये त्यालाच खिडकीची जागा दिली. गारगोटी येईपर्यंत दोघंही बोललो नाही.